डेव्हिसनी बंड का केलं नाही?

साताऱ्याहून एका मुलीनं विचारलंय. बारावीत आहे, एनडीएची तयारी करतेय. तिच्या लांबलचक पत्रातलं मुद्द्याचं तेवढं देतो: "सर, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांबद्दल वाचलं. त्यांचे कमांडर बेंजामिन डेव्हिस यांच्याशी वेस्ट पॉइंटमध्ये चार वर्षं कोणी बोललं नाही आणि ते गप्प राहिले. याला नेतृत्व म्हणायचं की नुसतं सोसणं? फ्रीमन फील्डच्या अधिकाऱ्यांसारखा नकार त्यांनी का दिला नाही? आणि वरिष्ठांनाच आपण नको असलो तर स्क्वाड्रन चालवायचं कसं? त्यांच्या वैमानिकांनी एकही बॉम्बर गमावला नाही म्हणतात, ते खरं ना?"

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो शेवटी घेतो.

आधी वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकन लष्कराची अकादमी, कारण सगळे तिथेच अडकतात. डेव्हिस १९३२ मध्ये तिथे दाखल झाले. अमेरिकन काँग्रेसमधले त्या वेळचे एकमेव कृष्णवर्णीय सदस्य, शिकागोचे ऑस्कर डी प्रीस्ट, यांनी त्यांची शिफारस केली होती. बाकी कॅडेट्सनी त्यांना वाळीत टाकलं. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. खोलीत जोडीदार नाही, जेवणाच्या टेबलावर शब्द नाही, कामापुरतं सोडून कोणी तोंड उघडायचं नाही. ही शिक्षा खरं तर ऑनर कोड मोडणाऱ्यासाठी होती. डेव्हिसनी मोडलं काहीच नव्हतं. तरी ती चार वर्षं चालली आणि १९३६ मध्ये २७६ जणांच्या तुकडीत ३५ वा क्रमांक घेऊन ते बाहेर पडले. पुढे व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैन्याचं नेतृत्व करणारे वेस्टमोरलंड आणि अब्राम्स हे दोघेही त्याच तुकडीतले.

तुझा संशय इथे बरोबर आहे. याला मी नेतृत्व म्हणत नाही. त्यांच्या हाताखाली तेव्हा कोण होतं? कोणीच नाही. तो एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा चिवटपणा होता, आणि त्याची किंमतही त्यांनी मोजली. पुढे आयुष्यभर ते अलिप्त राहिले. हाताखालचे वैमानिक त्यांना मानायचे आणि टरकूनही असायचे. खांद्यावर हात टाकणारा सीओ (कमांडिंग ऑफिसर) हवा असेल तर डेव्हिस तुला आवडणार नाहीत. त्या चार वर्षांत त्यांच्या अंगी एक सवय मात्र पक्की बसली: समोरच्याच्या हाती कारण द्यायचं नाही. गणवेशावर सुरकुती नको, अहवालात चूक नको, वेळेला उशीर नको. ही सवय पुढे हजार माणसांच्या कामी आली. नेतृत्व शोधायचं तर तिथे शोध.

पदवी मिळायच्या आधीच त्यांनी हवाई दलासाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. कारण लेखी आणि साधं होतं: कृष्णवर्णीयांचं एकही स्क्वाड्रन नाही आणि काढायचा विचारही नाही. मग जॉर्जियात फोर्ट बेनिंगला पायदळात गेले, तिथे ऑफिसर्स क्लबचं दार बंद. त्या वेळी अमेरिकन लष्करात पाद्री वगळले तर कृष्णवर्णीय अधिकारी दोनच होते, ते आणि त्यांचे वडील. वडिलांच्या वाट्याला वर्षानुवर्षं शिकवण्याच्या नेमणुका आल्या, म्हणजे गोऱ्या सैनिकांवर हुकूम सोडायची वेळच येऊ नये. लेकालाही तोच रस्ता दाखवला गेला: अलाबामातल्या टस्कीगीच्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत लष्करी शिक्षण द्या.

या सगळ्यामागे एक कागद होता. १९२५ मध्ये अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजनं कृष्णवर्णीय सैनिकांच्या वापराबद्दल अहवाल लिहिला. त्यात त्यांची बुद्धी कमी, धैर्य कमी, गोऱ्या अधिकाऱ्याशिवाय ते लढू शकत नाहीत, असं 'शास्त्रीय' भाषेत मांडलं होतं. आपल्याकडे हे वाचताना कोणाला परकं वाटू नये. इंग्रजांच्या 'लढवय्या जमातीं'च्या सिद्धांतापायी १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला होता. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ चा ऑक्टोबर उजाडला, बेळगावात. अमेरिकेत कृष्णवर्णीय वैमानिकांचं पहिलं, ९९ वं स्क्वाड्रन उभं राहिलं तेही १९४१ च्याच मार्चमध्ये. युद्धाला माणसं कमी पडायला लागली की सिद्धांत पातळ होतात.

या वैमानिकांचं प्रशिक्षण टस्कीगीलाच सुरू झालं. पहिल्या वर्गात डेव्हिस धरून तेरा जण होते. ७ मार्च १९४२ ला पंख मिळाले ते पाच जणांना: डेव्हिस, कस्टिस, डीबो, रॉबर्ट्स आणि रॉस. आमच्या पिढीच्या गुरूंनी ज्या हार्वर्ड या प्रशिक्षण विमानावर घाम गाळला, त्याच जातीच्या एटी-६ वर हे पाच जण शिकले. लगोलग डेव्हिस लेफ्टनंट कर्नल झाले आणि स्क्वाड्रन त्यांच्याकडे आलं.

आता इथे सीओच्या खुर्चीत बसून बघ. मी काही वर्षं त्या खुर्चीत बसलोय, म्हणून सांगतो. नवा वैमानिक स्क्वाड्रनमध्ये आला की त्याला जुन्या माणसाच्या पंखाला लावतात. आकाशात कुठे बघायचं, कधी वळायचं, इंधनाकडे कधी लक्ष द्यायचं, हे पुस्तकातून येत नाही. ते पुढच्या विमानाकडे बघून येतं. ९९ व्या स्क्वाड्रनमध्ये पुढचं विमान कोणाचं? ज्यानं लढाई पाहिलेली नाही अशाच दुसऱ्या एकाचं. अनुभवी गोरे वैमानिक त्यांच्यात मिसळायचे नाहीत, कारण नियम वेगळेपणाचा. सीओसुद्धा कोरा. एप्रिल १९४३ मध्ये हे लोक उत्तर आफ्रिकेत उतरले तेव्हा काही दिवस फिलिप कॉक्रन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं त्यांना लढाईतल्या खाचाखोचा शिकवल्या. (हाच कॉक्रन पुढच्या वर्षी आसामातल्या धावपट्ट्यांवरून चिंडिटांना, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांना, ब्रह्मदेशात उतरवत होता. जग लहान आहे.) बस, एवढीच शिदोरी.

२ जून १९४३ ला इटलीच्या पँटेलेरिया बेटावर त्यांची पहिली मोहीम झाली, पी-४० या लढाऊ विमानांमधून. २ जुलैला सिसिलीवर चार्ल्स हॉलनं पहिलं जर्मन विमान पाडलं. त्यानंतर सहा महिने एकही नाही.

इथून गोष्ट खरी सुरू होते, म्हणून जरा रेंगाळतो. ९९ वं स्क्वाड्रन ज्या ३३ व्या फायटर ग्रुपला (काही स्क्वाड्रन मिळून एक ग्रुप) जोडलं होतं, त्याचे कमांडर विल्यम मोमायर यांनी सप्टेंबरमध्ये अहवाल पाठवला. या लोकांत आक्रमकपणा नाही, शत्रूनं हल्ला केला की फॉर्मेशन फुटतं, इतर स्क्वाड्रनच्या तोडीचे नाहीत, असा त्याचा सूर. वरच्या प्रत्येक जनरलनं त्यावर होकाराची सही केली आणि कागद वॉशिंग्टनला हवाई दलप्रमुख आर्नल्ड यांच्या टेबलावर गेला. शिफारस अशी की ९९ व्याला किनारी गस्तीला लावा आणि तयार होत असलेला कृष्णवर्णीयांचा ३३२ वा ग्रुपही लढाईपासून लांब ठेवा. डेव्हिस तेव्हा त्याच ३३२ व्या ग्रुपची सूत्रं घ्यायला मायदेशी परतले होते. त्यांच्या पाठीमागे हा उद्योग झालेला.

अशा वेळी सीओ काय करतो? मी पाहिलेले बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर चिडतात आणि अहवाल लिहिणाऱ्याच्या हेतूवर बोलतात. हेतू वाईट असतोही, पण हेतू सिद्ध करता येत नाही. नाहीतर गप्प बसतात आणि हाताखालच्यांवर डाफरतात.

ऑक्टोबर १९४३ मध्ये डेव्हिस युद्धखात्याच्या समितीपुढे उभे राहिले. जॉन मॅक्लॉय तिचे अध्यक्ष. डेव्हिसनी आधी कबूल केलं की सुरुवातीच्या मोहिमांत अननुभवामुळे आमच्या चुका झाल्या. मग हिशेब मांडला. इतर स्क्वाड्रनकडे ३० ते ३५ वैमानिक होते, आमच्याकडे २६. बदली माणसं वेळेवर आली नाहीत, म्हणून तेच वैमानिक जास्त वेळा उडाले. आमच्यात अनुभवी माणूस एकही नव्हता. आणि आम्हाला कामं जमिनीवरच्या लक्ष्यांची मिळाली. शत्रूची विमानं जिथे येतच नव्हती तिथे ती पाडणार कशी?

समितीसमोर त्यांनी एकही शब्द वर्णद्वेषाबद्दल काढला नाही तरी ती साक्ष वर्णद्वेषाबद्दलच होती. कमी माणसं का? वेगळी भरती, वेगळं प्रशिक्षण, वेगळा तळ, म्हणून. अनुभवी माणूस का नाही? तेच उत्तर. वेगळेपणाच्या धोरणानं जे पांगळेपण आलं, तेच पुन्हा वंशाचा दोष म्हणून अहवालात लिहिलं गेलं होतं. डेव्हिसनी ते आकड्यांत उलगडून दाखवलं. चुकीची कबुली आधी दिली हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणानंतरच्या चर्चेत, जो माणूस "हा माझा घोळ" म्हणून सुरुवात करतो, त्याचं पुढचं वाक्य लोक कान देऊन ऐकतात. हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

समितीनं तुलनात्मक अभ्यास मागवला. तो १९४४ मध्ये हाती आला आणि पी-४० उडवणाऱ्या इतर स्क्वाड्रनच्या तुलनेत ९९ व्यात लक्षणीय फरक सापडला नाही. तोवर आकाशातही उत्तर मिळालं होतं. जानेवारीच्या शेवटी अँझिओवर शत्रूची विमानं एकदाची समोर आली आणि दोन दिवसांत या 'आक्रमकपणा नसलेल्या' स्क्वाड्रननं डझनभर पाडली. तेव्हा सीओ होते पहिल्या पाचांतले रॉबर्ट्स. म्हणजे डेव्हिस जागेवर नसतानाही स्क्वाड्रन चाललं. माझ्या मते सीओची खरी परीक्षा हीच असते.

मग ३३२ वा ग्रुप इटलीत आला. आधी पी-३९ विमानं आणि किनारी गस्त, म्हणजे मोमायरच्या शिफारशीचा वास होताच. पुढे भूमध्य समुद्राच्या आघाडीवरच्या हवाई दलांचे प्रमुख जनरल एकर यांना बॉम्बर्सच्या संरक्षणाला लढाऊ विमानं कमी पडू लागली आणि त्यांनी डेव्हिसना विचारलं. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर रामितेल्लीचा तळ, काही आठवडे पी-४७, आणि जुलैपासून पी-५१ मस्टँग. शेपट्या लाल रंगवल्या. त्यात काव्य नव्हतं. हा ग्रुप अमेरिकेच्या ज्या पंधराव्या हवाई दलात होता, तिथे प्रत्येक ग्रुपची शेपटी वेगळी होती, कोणाची पिवळी, कोणाची चौकटीची, म्हणजे बॉम्बरमधल्या गनरनं आपल्याच माणसावर गोळी झाडू नये. या ग्रुपच्या वाट्याला लाल आली, आणि काव्य नंतर चिकटलं.

डेव्हिसचा हुकूम होता: बॉम्बर सोडायचे नाहीत. ऐकायला सोपं आहे. मी तरुण असताना सरावाच्या हवाई लढतीत एकदा समोर 'शत्रू' पाठ दाखवून पळताना दिसला आणि मी लीडरला सोडून त्याच्या मागे गेलो. चाळीस सेकंदांत दुसऱ्यानं माझ्या लीडरला 'पाडलं' होतं. पळणारा हे आमिष होतं. त्या दिवशीचं डीब्रीफिंग मी नातवंडांनाही सांगणार नाही. लढाऊ वैमानिकाला शिकारीसाठीच घडवलेलं असतं. पाच विमानं पाडली की 'एस' म्हणतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्यांच्या शौर्यावरच शंका घेतली गेली, त्यांना तर ते पाच किती हवे असतील! आणि त्यांचाच कमांडर सांगतो, पळणाऱ्याच्या मागे जाऊ नका. त्या ग्रुपनं युद्धात एकूण ११२ विमानं हवेत पाडली, तरी अधिकृत नोंदीत पाच कोणा एकाच्याही नावावर नाहीत. चारवर थांबलेले आहेत. मार्च १९४५ मध्ये बर्लिनच्या मोहिमेत तीन जर्मन जेट पाडणारेही हेच लोक, पण त्या दिवशीही काम बॉम्बर सांभाळायचंच होतं.

वरिष्ठांना आपण नको असलो तर स्क्वाड्रन कसं चालवायचं, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. डेव्हिसनी आपल्या वैमानिकांना 'आपण शूर आहोत हे सिद्ध करा' असं उद्दिष्ट दिलंच नाही. तसं दिलं असतं तर प्रत्येक जण आपापलं सिद्ध करायला उधळला असता. त्यांनी काम दिलं, दहा माणसांचा बॉम्बर परत आणायचा. त्या दहांत सगळे गोरे. या विरोधाभासावर वैमानिकांनी काय म्हणायचं ते क्रू रूममध्ये म्हणून घेतलं असेलच.

आता फ्रीमन फील्ड. एप्रिल १९४५, इंडियाना राज्य. ४७७ वा बॉम्बर ग्रुप कृष्णवर्णीय, त्याचे कमांडर कर्नल सेलवे गोरे. लष्कराच्या नियमानुसार तळावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला क्लब खुला. सेलवे यांनी युक्ती काढली: एक क्लब 'प्रशिक्षकां'चा, दुसरा 'प्रशिक्षणार्थीं'चा, आणि कृष्णवर्णीय सगळे प्रशिक्षणार्थी, मग कोणी युरोपात लढून आलेला का असेना. कृष्णवर्णीय अधिकारी दोन-तीन जणांच्या गटांनी शांतपणे क्लबमध्ये शिरले आणि अटक करून घेतली. मग नवा नियम वाचून समजला अशी सही मागितली गेली, तेव्हा १०१ जणांनी ती नाकारली. युद्धकाळात थेट हुकूम मोडायची शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाऊ शकते हे त्यांना वाचून दाखवलं होतं. शेवटी शिक्षा झाली ती रॉजर टेरी या एका तरुणाला, तीही धक्काबुक्कीच्या आरोपावर, १५० डॉलर दंड. ती १९९५ मध्ये रद्द झाली. याला सगळे बंड म्हणतात. मला ते बंड वाटत नाही. लष्कराचा लिखित नियम पाळा, एवढीच त्यांची मागणी होती.

मग डेव्हिसनी असं का केलं नाही? एक कारण धडधडीत आहे: ते कमांडर होते. १०१ लेफ्टनंट सही नाकारतात तेव्हा ते स्वतःला पणाला लावतात. कमांडरनं तसं केलं तर तो अख्खं युनिट पणाला लावतो, आणि ते युनिट मोडायला टपून बसलेले कमी नव्हते. दुसरं कारण त्यांच्या स्वभावात आहे. नियमाच्या आत राहूनच ते लढायचे, कधीकधी जरा जास्तच. फोर्ट बेनिंगच्या क्लबच्या दारापुढे ते गप्प राहिले, तिथे आणखी काही करता आलं असतं का, यावर मी स्वतः अजून ठाम नाही.

पण हे दोन रस्ते एकमेकांविरुद्ध उभे करू नकोस. फ्रीमन फील्डच्या गदारोळानंतर युद्धखात्याला सेलवेंना हटवावं लागलं. त्यांच्या जागी कोणाला आणलं? युरोपातून परतलेल्या डेव्हिसना, आणि ग्रुपचे सगळे महत्त्वाचे अधिकारी कृष्णवर्णीय नेमले. त्या पोरांनी नकार दिला नसता तर ती जागा रिकामी झाली नसती. आणि डेव्हिसची इटलीतली नोंदवही नसती, तर 'लायक माणूसच नाही' म्हणून ती जागा दुसऱ्या गोऱ्याकडे गेली असती.

त्यांच्या ज्या निर्णयाबद्दल कोणी बोलत नाही, तो मला सगळ्यात मोठा वाटतो. युद्धानंतर ओहायोतला लॉकबोर्न तळ त्यांच्या ताब्यात आला. सगळा कारभार कृष्णवर्णीयांचा, ते त्या तळाचे राजेच म्हण. वेगळेपण टिकलं असतं तर ते तिथे निवांत राज्य करत राहिले असते. जुलै १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी लष्करातल्या समान वागणुकीचा आदेश काढला आणि हवाई दलाची एकत्रीकरणाची योजना तयार करायला डेव्हिसनी मदत केली. मे १९४९ मध्ये त्यांच्या ३३२ व्या ग्रुपच्या वैमानिकांनी लास व्हेगसच्या नेमबाजी स्पर्धेत प्रोपेलर विमानांच्या गटात पहिला क्रमांक काढला. १ जुलै १९४९ ला तो ग्रुप विसर्जित झाला आणि माणसं देशभरच्या तळांवर विखुरली. आपलं राज्य आपल्या हातानं मोडायच्या कागदावर काम करणारे कमांडर मला फारसे भेटलेले नाहीत. त्या स्पर्धेची ट्रॉफी कित्येक दशकं वस्तुसंग्रहालयाच्या गोदामात पडून होती, २००४ मध्ये सापडली.

डेव्हिसचं पुढचं थोडक्यात. १९५३ मध्ये कोरियात सुवोनला ५१ व्या विंगचे कमांडर, सेबर जेट्स, आणि हाताखाली बहुतांश गोरे. १९५४ मध्ये अमेरिकन हवाई दलातले पहिले कृष्णवर्णीय जनरल. १९७० ला तीन ताऱ्यांवर निवृत्त. चौथा तारा अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९८ मध्ये लावला, तेव्हा ते शहाऐंशीला टेकले होते. मोमायर यांना चारही तारे नोकरीतच मिळाले होते.

राहिला बॉम्बरचा प्रश्न. नाही, ते खरं नाही. युद्धकाळातल्या बातम्यांतून ती आख्यायिका सुरू झाली आणि साठ वर्षं चालली. नंतर हवाई दलाच्याच इतिहासकारांनी एकेक मोहिमेचे अहवाल ताडून पाहिले. ३३२ वा ग्रुप सोबत असताना शत्रूच्या विमानांनी २७ बॉम्बर पाडले. त्याच पंधराव्या हवाई दलातल्या इतर मस्टँग ग्रुप्सची सरासरी होती ४६. एसएसबीच्या (लष्करी अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या) ग्रुप डिस्कशनमध्ये हा विषय निघालाच तर 'एकही नाही' म्हणू नकोस, समोर एखादा वाचलेला अधिकारी बसलेला असतो. २७ आणि ४६ हे दोन आकडे सांग.